बावीस वर्षे पूर्ण झाली की दार बंद! इंग्लंडमधील आर्किटेक्ट उमेदवारीच्या सरकारी पैशाचा हिशेब

रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतील अनेक मुस्लिम कुटुंबांची एखादी शाखा आज इंग्लंडमध्ये स्थायिक आहे. त्यांची मुले तिथेच जन्मली, तिथेच शिकली. सुट्टीत किंवा लग्नकार्याला ही मंडळी गावी येतात तेव्हा गप्पांची गाडी हमखास मुलांच्या शिक्षणावर येते. पूर्वी डॉक्टर आणि अकौंटंट हे दोनच शब्द कानी पडत. आता त्यात आर्किटेक्टची भर पडली आहे. मग एक प्रश्न ठरलेला असतो, "तिकडे म्हणे नोकरी करता करता आर्किटेक्ट होता येते, पगार मालक देतो आणि फी सरकार भरते. हे खरे आहे काय?"

याचे उत्तर असे की, डिसेंबर २०२५ पर्यंत ते बऱ्याच अंशी खरे होते. जानेवारी २०२६ पासून इंग्लंडच्या सरकारने नियम बदलला. आता पदव्युत्तर दर्जाच्या उमेदवारीला सरकारी पैसा फक्त सुरुवातीला १६ ते २१ वर्षे वय असलेल्यांनाच मिळतो. आणि आर्किटेक्टच्या धंद्याची रचनाच अशी आहे की या उमेदवारीच्या दारापाशी पोहोचेपर्यंत बहुतेक मुलामुलींना बावीस वर्षे पूर्ण झालेली असतात.

व्यापाराच्या पानावर हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की हा विषय पक्का हिशेबाचा आहे. पैसा कोणाचा, तो कोणत्या गल्ल्यात जमा होतो, कोणासाठी खर्च होतो आणि कात्री कुठे लागली, हे समजून घेतल्याखेरीज पालकांना मुलांसाठी योग्य निर्णय घेता येणार नाही. शिवाय यात व्याजाच्या कर्जाचा प्रश्न गुंतलेला आहे आणि तो आपल्या समाजाच्या जिव्हाळ्याचा आहे.

उस्ताद आणि शागिर्द

इमारत बांधण्याचा हुनर फार पूर्वीपासून उस्तादाकडून शागिर्दाकडे जात आला. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, बीबी का मकबऱ्यावर अताउल्लाह या शिल्पीचे नाव कोरलेले आहे. हा अताउल्लाह म्हणजे ताजमहालचे मुख्य शिल्पी मानले जाणारे उस्ताद अहमद लाहौरी यांचा मुलगा. त्या घराण्यात इल्म बापाकडून मुलाकडे आला. तुर्कस्तानात मिमार सिनान हे सुलतानांचे मुख्य शिल्पी होते. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मेहमेद आगा यांनी पुढे इस्तंबूलची सुलतान अहमद मशीद, जिला लोक निळी मशीद म्हणतात, ती उभारली. शिकणारा कामावर शिकत होता आणि काम करता करताच पुढे उस्ताद होत होता.

इंग्लंडमध्येही पूर्वी हीच चाल होती. आर्किटेक्ट होऊ पाहणारा मुलगा एखाद्या नामवंत आर्किटेक्टच्या कचेरीत काही वर्षांच्या कराराने उमेदवार म्हणून राही. फरक एवढाच की तिथे शिकवण्याबद्दल मुलाचा बाप उस्तादाला मोठी रक्कम मोजत असे. साहजिकच गरिबाच्या मुलाला हे दार उघडे नव्हते. १८३४ मध्ये तिथे आर्किटेक्टांची संस्था स्थापन झाली. तिलाच आज रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्स म्हणतात. हळूहळू परीक्षा आल्या, १९३१ मध्ये नोंदणीचा कायदा आला. पुढे १९५८ मध्ये ऑक्सफर्ड येथे या संस्थेने शिक्षणाविषयी परिषद भरवली. आर्किटेक्टचे शिक्षण विद्यापीठातच आणि पूर्णवेळ व्हावे, असा कल तिथे ठरला. दर्जा उंचावला हे खरे, परंतु कचेरीत राहून शिकण्याची जुनी वाट त्यानंतर जवळजवळ मोडली.

सात वर्षांचा रस्ता

आज इंग्लंडमध्ये आर्किटेक्ट होण्याची नेहमीची वाट अशी. अठराव्या वर्षी शाळा संपते. मग तीन वर्षांची पदवी, तिला भाग एक म्हणतात. त्यानंतर साधारण एक वर्ष एखाद्या कचेरीत अनुभव. मग पुन्हा विद्यापीठात दोन वर्षे, हा भाग दोन, आणि तो पदव्युत्तर दर्जाचा असतो. त्यानंतर पुन्हा कचेरीत काम आणि शेवटी भाग तीनची व्यावसायिक परीक्षा. म्हणजे झटपट केले तरी सात वर्षे.

यानंतर आर्किटेक्ट्स रजिस्ट्रेशन बोर्डाकडे नाव नोंदवता येते. १९९७ च्या कायद्याने तिथे "आर्किटेक्ट" हा शब्द राखीव आहे. नोंदणी नसताना धंद्यासाठी स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेणे हा गुन्हा आहे. ही तीन भागांची चौकट बदलण्याचे बोर्डाने २०२३ मध्ये ठरवले आणि तो बदल टप्प्याटप्प्याने होत आहे. तरी नोंदणीसाठी पदव्युत्तर दर्जाचे शिक्षण लागणार, ही अट नव्या चौकटीतही राहते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सगळा वाद तिच्याभोवती फिरतो.

आता खर्च पाहू. इंग्लंडच्या रहिवासी विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठाची कमाल फी २०२५-२६ या वर्षी ९,५३५ पौंड होती. पाच वर्षांची फी याच दराने धरली तर ४७,६७५ पौंड होतात. राहण्या-खाण्याचा खर्च वेगळा. एवढी रोकड किती घरांत असते? म्हणून बहुतेक मुले सरकारी विद्यार्थी-कर्ज घेतात. ऑगस्ट २०२३ पासून शिक्षण सुरू करणाऱ्यांसाठी त्याचे नियम असे आहेत : वार्षिक उत्पन्न २५,००० पौंडांच्या वर गेले की वरच्या रकमेच्या ९ टक्के कापून घेतले जातात. उदाहरणार्थ, ३५,००० पौंड पगार असेल तर वर्षाला ९०० पौंड. ही कपात कर्ज फिटेपर्यंत किंवा ४० वर्षे होईपर्यंत चालते. आणि बाकीवर किरकोळ भाववाढीच्या निर्देशांकाइतके व्याज चढते.

व्याजाची अडचण

इथेच मुस्लिम घरांची खरी अडचण सुरू होते. (आर्किटेक्टांच्या त्या संस्थेचे आद्याक्षरांचे नाव "रिबा" असे उच्चारतात आणि अरबीत व्याजालाही रिबाच म्हणतात. हा केवळ योगायोग आहे, संस्थेचा त्यात काही दोष नाही.) विद्यार्थी-कर्जावरील व्याजाबाबत उलेमांची मते एकसारखी नाहीत. कोणी निरुपाय म्हणून सूट देतात, कोणी साफ मनाई करतात. त्या वादात पडण्याचा आमचा अधिकार नाही. पण परिणाम डोळ्यांना दिसतो. काही मुले मनाविरुद्ध कर्ज घेतात, काही जण सारे कुटुंब राबून रोख फी भरते आणि काही जण विद्यापीठाचा नादच सोडतात.

ही अडचण ब्रिटिश सरकारला ठाऊक नाही असे नाही. २०१४ मध्ये सरकारने बिनव्याजी पर्यायाबद्दल लोकांची मते मागवली, तेव्हा सुमारे २०,००० उत्तरे आली. तकाफुलच्या धर्तीवर एक सामाईक निधी असावा, विद्यार्थ्याने त्यातून रक्कम घ्यावी आणि कमाई सुरू झाल्यावर पुढच्या विद्यार्थ्यांसाठी त्या निधीत भर घालावी, अशी ती कल्पना होती. २०१७ च्या उच्च शिक्षण कायद्यात त्यासाठी अधिकारही घेतला गेला. पण योजना विद्यार्थ्यांच्या हाती पडलेली नाही. मत मागवणे झाले, कायदा झाला, आणि त्या वेळी दहावीत असलेली मुले दरम्यान बापही झाली असतील.

अशा वेळी जिथे कर्जच घ्यावे लागत नाही अशी एक वाट २०१८ मध्ये उघडली. ती वाट म्हणजे उमेदवारी.

गल्ला कोणाचा?

एप्रिल २०१७ पासून ब्रिटनमध्ये अप्रेंटिसशिप लेव्ही नावाची पट्टी सुरू झाली. मालकाच्या एकूण पगारखर्चावर अर्धा टक्का अशी ती आकारली जाते आणि त्यातून वर्षाला १५,००० पौंडांची सूट मिळते. म्हणजे ज्याचा पगारखर्च ३० लाख पौंडांच्या आत आहे त्याला काहीच भरावे लागत नाही. समजा एखाद्या पेढीचा पगारखर्च ५० लाख पौंड आहे. त्याचा अर्धा टक्का २५,००० पौंड. सूट वजा जाता पट्टी १०,००० पौंड.

हा पैसा मालकाच्या नावे सरकारी खात्यात दिसतो. तो त्याला उमेदवारांच्या शिक्षणावर आणि परीक्षेवर खर्च करता येतो, पगारावर नाही. ठरलेल्या मुदतीत खर्च झाला नाही तर त्याचा हक्क संपतो. मोठ्यांनी न वापरलेल्या पैशातून लहान धंदेवाल्यांच्या उमेदवारांचा भार उचलला जातो. लेव्ही न भरणाऱ्या लहान मालकाने शिक्षणखर्चाचा थोडासा वाटा द्यायचा. सुरुवातीला तो १० टक्के होता, एप्रिल २०१९ पासून ५ टक्के झाला. उरलेले सरकार देते. एप्रिल २०२४ पासून तर उमेदवाराचे वय २१ पर्यंत असेल तर लहान मालकाला हा ५ टक्के वाटाही माफ झाला.

ही व्यवस्था आपल्या पेठेतल्या वर्गणीसारखी आहे. मोठ्या पेढ्यांनी जास्त घालायचे, ज्याच्याकडे शिकणारा पोरगा आहे त्याने उचलायचे. आमच्या कापडाच्या धंद्यात अशी लिखित व्यवस्था कधी नव्हती. पण तागे उलगडता-घड्या घालता पोरगा धंदा शिकतो आणि त्या काळात त्याच्या घरची चूलही पेटते, हे आम्हाला ठाऊक आहे. शिकणाऱ्याला शिकत असताना दोन पैसे मिळाले तरच गरिबाचा मुलगा शिकायला टिकतो.

आर्किटेक्टची उमेदवारी

या लेव्हीचा फायदा घेऊन फॉस्टर अँड पार्टनर्स या नामांकित पेढीच्या पुढाकाराने वीसहून अधिक पेढ्यांनी आर्किटेक्टच्या उमेदवारीचा आराखडा तयार केला. २०१८ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. शिक्षण हा इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सचा वेगवेगळा कारभार असल्याने ही योजना फक्त इंग्लंडपुरती आहे.

त्यात दोन पायऱ्या आहेत. पहिली पदवीची. शाळा संपल्यावर सुमारे चार वर्षे कचेरीत काम करत भाग एक पुरा करायचा. दुसरी पदव्युत्तर दर्जाची, तिला तिकडे सातवी पातळी म्हणतात. भाग एक झालेल्याने आणखी सुमारे चार वर्षांत भाग दोन आणि तीन दोन्ही पुरे करायचे आणि नोंदणीला पात्र व्हायचे. आठवड्याचे साधारण चार दिवस कचेरीत काम, एक दिवस विद्यापीठाचा. त्या पाचव्या दिवसाचाही पगार मिळतो, कारण शिकणे हा नोकरीचाच भाग मानला आहे. लंडन साउथ बँक आणि ऑक्सफर्ड ब्रुक्स यांसारख्या विद्यापीठांनी हे वर्ग घेतले.

दुसऱ्या पायरीसाठी सरकारने ठरवलेली कमाल रक्कम उमेदवारामागे २१,००० पौंड होती. लहान कचेरीच्या वहीत हा आकडा कसा दिसे ते पाहा. ५ टक्क्यांप्रमाणे मालकाचे १,०५० पौंड आणि सरकारचे १९,९५० पौंड. उमेदवाराचा वाटा शून्य. फी नाही, म्हणून कर्ज नाही, आणि कर्ज नाही म्हणून व्याजही नाही. वर चार वर्षांचा पगार आणि चार वर्षांचा अनुभव. ज्या मुस्लिम मुलीला दूरच्या शहरात राहण्याचा खर्च झेपत नव्हता, तिला घरी राहून जवळच्या कचेरीत काम करत नोंदणीकृत आर्किटेक्ट होण्याची वाट यातून मिळत होती. श्रीमंतांचा समजला जाणारा हा पेशा सामान्य घरांच्या आवाक्यात येऊ लागला होता.

कात्री कशी लागली?

२७ मे २०२५ रोजी ब्रिटिश सरकारने जाहीर केले की जानेवारी २०२६ पासून सातव्या पातळीच्या नव्या उमेदवारांना सरकारी पैसा फक्त १६ ते २१ या वयोगटात मिळेल. सरकारी देखरेखीखाली वाढलेल्या मुलांना, तसेच ज्यांच्या नावे विशेष गरजांची सरकारी योजना मंजूर आहे अशांना २५ वर्षांच्या आतपर्यंत सवलत आहे. जे आधीच रुजू झाले त्यांचा पैसा शिक्षण पुरे होईपर्यंत चालू राहील.

सरकारची बाजूही नीट ऐकली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. सातव्या पातळीच्या पैशातला मोठा हिस्सा अकौंटन्सी आणि वरिष्ठ व्यवस्थापकांच्या शिक्षणावर जात होता. आधीच चांगला पगार घेणाऱ्या बड्या साहेबांना मालक या पैशातून आणखी एक पदवी मिळवून देत. ही ओरड इतकी वाढली की २०२१ मध्ये एम.बी.ए. पदवीला या योजनेतून वगळावे लागले. दुसरीकडे ब्रिटनमध्ये १६ ते २४ वयाची जवळपास दहा लाख मुले ना शिक्षणात, ना नोकरीत. गल्ला एकच असेल तर आधी त्या मुलांना हात द्यावा आणि साहेबांच्या शिक्षणाचा खर्च मालकांनी स्वतः करावा, असे सरकारचे म्हणणे. आम्ही त्या जागी असतो तर आम्हीही हेच म्हटले असते.

पण चूक झाली ती मापात. साहेबांचा खर्च तोडण्यासाठी जी कात्री चालवली, तिच्याखाली हे होतकरू आर्किटेक्टही आले. वरिष्ठ व्यवस्थापकाला ती पदवी नसली तरी त्याची खुर्ची शाबूत राहते. आर्किटेक्टला मात्र पदव्युत्तर दर्जाचे शिक्षण झाल्याशिवाय कायद्याने ते नावच लावता येत नाही. एकासाठी जी हौस आहे, ती दुसऱ्यासाठी उंबरठा आहे. दोघांना एकाच गजाने मोजणे हा व्यवहार नव्हे. आर्किटेक्टांच्या संस्थेनेही या निर्णयावर नाराजी व्यक्त केली.

वयाचे गणित

आता वयाचे साधे गणित मांडू. अठराव्या वर्षी विद्यापीठात गेलेला मुलगा एकविसाव्या वर्षी भाग एक पुरा करतो. मग एक वर्ष कचेरीत अनुभव. झाली बावीस वर्षे, मदत बंद.

दुसरा मुलगा पहिल्यापासून उमेदवारीनेच आला. अठराव्या वर्षी पहिल्या पायरीवर बसला. चार वर्षांनी ती पुरी झाली. झाली बावीस वर्षे, मदत बंद. म्हणजे सरकारच्याच पैशाने ज्याला पहिल्या मजल्यावर चढवले, त्याच्यासाठी दुसऱ्या मजल्याचा जिना त्याच्या पोहोचण्याच्या वेळीच काढून घेतला. ही गोष्ट आम्हाला सर्वांत जास्त खटकते.

वकिलीशी तुलना केली तर फरक स्पष्ट होईल. सॉलिसिटरची उमेदवारीही सातव्या पातळीचीच आहे. पण तिथे शाळा संपताच अठराव्या वर्षी बसता येते. म्हणून वयाच्या अटीत ती निदान काही मुलांसाठी शिल्लक राहते. आर्किटेक्टची सातवी पातळी पदवीनंतरच सुरू होते. नियम दोघांना एकच, पण एकाचा दरवाजा अर्धा उघडा आणि दुसऱ्याची फक्त फट.

मालकाच्या वहीत काय फरक पडतो तेही पाहा. लहान कचेरीने एकवीस वर्षांचा उमेदवार घेतला तर शिक्षणखर्च शून्य. तोच मुलगा काही महिन्यांनी, बावीस पूर्ण झाल्यावर आला तर २१,००० पौंड. जुन्या नियमाने जिथे १,०५० पौंड पडत होते, तिथे आता वीसपट. चार-पाच माणसांची कचेरी चालवणारा हा भार कसा उचलणार? मोठी पेढी कदाचित उचलील. मात्र तीही नाराज राहणार, कारण ती लेव्ही पूर्वीसारखीच भरते आणि त्या खात्यातला पैसा या कामी वापरता येत नाही. परिणाम असा की उमेदवारीच्या जागा मोठ्या शहरांतील मोठ्या पेढ्यांकडे सरकतील आणि लहान गावातल्या मुलाने पुन्हा कर्जाकडे वळावे लागेल.

आमच्या मते योग्य माप असे असायला हवे होते : ज्या पेशात कायद्याने नोंदणी लागते आणि नोंदणीसाठी पदव्युत्तर शिक्षण लागते, तिथे उमेदवाराची ती पहिलीच पात्रता असेल तर वयाची अट लावू नये. साहेबांची दुसरी-तिसरी पदवी बंद करावी. पैसा तेवढाच लागेल किंवा कमीच, आणि गरजू माणूस बाहेर पडणार नाही.

पालकांनी काय करावे?

ज्यांचे नातेवाईक इंग्लंडमध्ये आहेत त्यांनी ही माहिती त्यांच्यापर्यंत जरूर पोहोचवावी.

१) पहिल्या पायरीची, म्हणजे पदवीच्या दर्जाची उमेदवारी या बदलात बंद झालेली नाही. निदान पहिली चार वर्षे तरी बिनकर्जाची निघू शकतात. शाळेच्या शेवटच्या वर्षातच अर्ज करावेत. जागा थोड्या असतात आणि आधी कचेरी मिळवावी लागते, मग विद्यापीठ.

२) जो मुलगा विद्यापीठातून एकविसाव्या वर्षी भाग एक पुरा करतो, त्याने पदवीच्या शेवटच्या वर्षीच कचेऱ्यांशी बोलणे सुरू करावे. बावीस पूर्ण होण्याआधी सातव्या पातळीच्या उमेदवारीत रुजू होता आले तर सरकारी मदत मिळते. अनेक कचेऱ्या आधी वर्षभराचा अनुभव मागतात. त्यांना हा वयाचा आणि पैशाचा हिशेब कागदावर मांडून दाखवावा. लहान मालकाला आकड्यांची भाषा लवकर समजते.

३) बावीस पूर्ण झाली असतील तरी धीर सोडू नये. मालकाने स्वतःच्या पैशाने शिकवण्याला मनाई नाही. २१,००० पौंड चार वर्षांत विभागले तर वर्षाला ५,२५० आणि महिन्याला सुमारे ४३८ पौंड होतात. चांगले काम करणारा माणूस चार वर्षे टिकणार असेल तर काही मालक याला तयार होतील. तसेच काही विद्यापीठांत नोकरी सांभाळून भाग दोन अर्धवेळ करता येतो. त्याचीही चौकशी करावी.

४) भारतातून विद्यार्थी-व्हिसावर जाणाऱ्यांसाठी ही योजना नाही आणि पूर्वीही नव्हती. सरकारी पैशासाठी तिथल्या वास्तव्याच्या अटी आहेत. "तिकडे उमेदवारीत फी माफ होते" असे सांगून कोणी एजंट पैसे मागत असेल तर सावध राहावे.

५) इथल्या मुलांचा मामला निराळा आहे. आपल्याकडे पाच वर्षांची बी.आर्क. पदवी घेऊन, १९७२ च्या कायद्याखालील कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी होते. त्यासाठी एम.आर्क. लागत नाही. मात्र ही पदवी इंग्लंडमध्ये आपोआप चालत नाही. तिथल्या बोर्डाची वेगळी प्रक्रिया पार पाडावी लागते. दोन्ही देशांचे हिशेब एकाच वहीत लिहू नयेत.

समाजाने काय करावे?

शेवटी एक गोष्ट आपल्या जमातींसाठी. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या बिरादरीत दुकानदार, डॉक्टर, बिल्डर सगळे आहेत. मशिदीसाठी, मदरशासाठी ते खुल्या हाताने देतात. महिन्याला ४३८ पौंड ही एका माणसाला जड रक्कम आहे, पण दहा जणांनी वाटून घेतली तर प्रत्येकी ४४ पौंडही होत नाहीत. अर्धवेळ शिकणाऱ्या एखाद्या होतकरू मुलीची फी अशा रीतीने कर्जे-हसना म्हणून दिली, आणि कमावू लागल्यावर तिने तेवढीच रक्कम, एक पैसाही जास्त न देता, पुढच्या मुलासाठी परत केली, तर सरकारने २०१४ पासून ज्या बिनव्याजी निधीची नुसती चर्चा केली तो निधी आपण आपल्या मोहल्ल्यात उभा करू शकतो. यासाठी कोणत्या पार्लमेंटची मंजुरी लागत नाही. एक वही, दोन प्रामाणिक हिशेबनीस आणि वेळेवर परत करण्याची नियत एवढे पुरे.

सरकारचा नियम सरकार बदलील तेव्हा बदलील. तो बदलावा म्हणून तिथल्या लोकांनी आपल्या खासदारांना जरूर लिहावे. वयाऐवजी गरज आणि पेशाचा कायदा पाहा, एवढेच मागावे. परंतु तोपर्यंत जी मुले आज बावीस पूर्ण करत आहेत, त्यांचे वय थांबणार नाही. या महिन्यात आपल्या इंग्लंडमधल्या नातेवाइकांना फोन कराल तेव्हा लग्न, तब्येत आणि हवापाण्याबरोबर मुलाचे वय किती आणि तो कितव्या पायरीवर आहे, हेही विचारा. एकवीस आणि बावीस यांच्यामधल्या त्या एका वर्षात २१,००० पौंडांचा फरक आहे, हे त्यांना कोणीतरी सांगितले पाहिजे.